वस्तादांची किटली

“अंगठा वर ओढा,” बाई म्हणाल्या.

मी ओढला.

“आता मी खाली दाबते. दाबू द्यायचा नाही.”

डॉक्टर तनुजा मोकाशी उभ्या राहिल्या तरी माझ्या खांद्याला लागत नव्हत्या. मनगट एवढंसं, की आमच्या तालमीतल्या कुणी हौसेनं हात मिळवला असता तर प्लास्टर घालायची वेळ आली असती. त्या दोन बोटांनी माझ्या उजव्या पायाचा अंगठा दाबत होत्या आणि मी, नागझरी तालमीचा पैलवान संताजी वरुटे, कॉटवर उताणा पडून तो अंगठा वर धरून ठेवत होतो. मला हसू आवरेना.

“हसायला काय झालं, पैलवान?”

“बाई, तुमच्यासंगं माझी कुस्ती लागली म्हणून तालमीत कळलं तर मला पुन्हा आत घ्यायचे न्हाईत.”

“ही कुस्ती रोज लागणार आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ज्या दिवशी मी जिंकेन, त्या दिवशी हसू नका.”

हे वीस-बावीस वर्षांपूर्वीचं. मी कोल्हापुरात होतो, ऐन पंचविशीत, आणि चैत्रातल्या एका मैदानात माझी पहिल्या नंबरची कुस्ती ठरली होती. पोस्टरवर फेट्यातला फोटोसुद्धा छापून झाला होता. त्याआधी काही महिने कंबर धरली. आता पैलवानाची कंबर धरली तर डॉक्टरकडं कोण जातं? लचक भरली असेल म्हणून तेल चोळलं, विटेनं शेकलं, आणि एके दिवशी दोघांनी पाठीवर उभं राहून तुडवलं. त्या वेळी मी असा काही ओरडलो, की शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली. मग संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. पहाटे अंथरूण घामानं भिजायचं. अंगावरचं मांस उतरायला लागलं. खुराक कमी पडतोय, असं आमच्या वस्तादांनी निदान केलं आणि तो दुप्पट केला. शेवटी एका सकाळी जोर मारायला म्हणून खाली वाकलो, तो वर उठलोच नाही. तालमीच्या दाराची फळी काढून चौघांनी मला तिच्यावर घातलं आणि दवाखान्यात आणलं. गावाकडं आईला कळवायचं नाही, एवढं मी त्यांना बजावलं.

दवाखान्यात एमआरआय काढला. त्या बोगद्यात माझे खांदे बसेनात, तेव्हा मला हात डोक्यावर घ्यायला लावून कसंबसं आत सारलं. फोटो आला आणि हाडांचे मोठे डॉक्टर पट्टणशेट्टी स्वतः माझ्या कॉटपाशी आले. माणूस बेळगावकडचा, उंच, बोलायला एक घाव दोन तुकडे.

“कंबरेचे दोन मणके आणि त्यांच्यामधली गादी जंतूंनी खाल्लीय. आत पू आहे. आपल्याकडं असं चित्र दिसलं की बहुतेकदा टीबी निघतो. टीबीचं औषध चालू करू.”

“सर, थोडं थांबू या का?” मोकाशीबाई मध्येच म्हणाल्या. त्या नव्यानंच आल्या होत्या. “बहुतेकदा म्हणजे नेहमी नाही. एकदा औषध गेलं की जंतू लपून बसेल. आधी सुईनं नमुना काढू.”

“आणि तोवर मणका ढासळला तर?”

“रोज पाय तपासते. दिवसातून दोनदा तपासते.”

दोघांची माझ्या अंगावरून खडाखडी चालली होती आणि मी आळीपाळीनं दोघांची तोंडं बघत होतो. शेवटी पट्टणशेट्टींनी मान हलवली.

“पायात ताकद आहे तोवर थांबतो. ज्या दिवशी पाय ढिला पडेल, त्या दिवशी पाठ उघडणार. पू काढणार, सळ्या-स्क्रू घालून मणके बांधणार.”

“आणि कुस्ती?” मी विचारलं.

ते माझ्या पायांकडं बघून म्हणाले, “चालाल. फिराल. लग्न कराल, पोरं खेळवाल. पण कुस्तीच्या हौद्यात उतरायचं नाही.”

माझ्या अंगठ्याला काय टांगलेलं होतं, ते त्या दिवशी मला कळलं.

पुढचे दिवस मात्र विचित्र मजेत गेले, आणि त्याचं कारण मोकाशीबाई. या बाईला रोगाचा माग काढताना जो आनंद व्हायचा, तो मी मैदानात डाव बसल्यावर पैलवानाच्या तोंडावर पाहिलेला आहे. मला पालथं घालून त्यांनी पाठीत लांबलचक सुई घातली, तेव्हा मी उशी दातात धरली होती. सुई बाहेर आली आणि त्यांनी बाटली माझ्या नाकासमोर धरली. तळाशी धाग्याएवढं काहीतरी तरंगत होतं.

“बघा, पैलवान! चोर ह्याच्यात आहे.”

“मला तर दिसंना.”

“मलाही दिसत नाही. म्हणून तर मजा आहे.”

नमुना तपासला, पण टीबीचा जंतू काही दिसला नाही. मला वाटलं, बाई हिरमुसतील. त्या उलट जास्तच फुलल्या. दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं, म्हणाल्या. तो खालच्या लॅबमध्ये वाढवायला ठेवलाय, वाढायला वेळ लागतो. मग स्टूल ओढून त्या माझी उलटतपासणी घ्यायला बसल्या. खोकला आहे का? घरात कुणाला टीबी होता का? कुठं जखम, गळू? दात किडलाय? खाता काय? मी खुराक सांगितला: बदाम, तूप, मटण, अंडी, थंडाई, दूध. त्यांनी मान डोलावली आणि पुढं सरकल्या. त्यांच्याही घरी दूध होतंच की.

मला भेटायला तालमीतलं कुणी ना कुणी यायचं, पण रोज न चुकता यायचे ते हिंदुराव वस्ताद. मी बारा वर्षांचा असताना बापानं मला त्यांच्या हवाली केलं आणि पुढल्याच वर्षी बाप गेला. वस्तादांना मूलबाळ नव्हतं, बायको आधीच वारलेली. मी आलो त्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी म्हैस घेतली. पुढं तिचीच रेडी मोठी झाली, ती हरणी. तालमीतली बाकीची पोरं गावातल्या कट्ट्यावरचं विकतचं दूध प्यायची, पण हरणीचं दूध फक्त दोघांचं: माझं आणि वस्तादांचं. ह्यावरून पोरं मला जावईबापू म्हणायची.

दवाखान्यात बाहेरचं खाणं चालत नसे. वस्ताद दिवस उगवायला यायचे, राऊंडच्या आधी, शालीखाली पितळी किटली लपवून. एवढा सहा फुटी माणूस, कल्लेदार मिशा, आणि नर्सच्या नजरेला पडू नये म्हणून भिंतीला चिकटून चालायचा.

“पी लेका. सगळी पी.”

“तुम्ही घ्या की वस्ताद थोडं.”

“माझा पेला मी गोठ्यातच मारून आलोय. तू पी. कंबरंला ताकद पायजे.”

मी किटली तोंडाला लावायचो. ते बघत उभे राहायचे. बारा-तेरा वर्षं हे असंच चाललं होतं, त्यात मला काही विशेष वाटत नव्हतं.

आणि मग ती सकाळ आली. किटली निम्मी झाली होती, तेवढ्यात वॉर्डाच्या दारात मोकाशीबाई. नेहमीपेक्षा किती तरी लवकर आल्या होत्या. वस्तादांनी किटली झटकन कॉटखाली सरकवली आणि देवळात उभं राहावं तसे हात बांधून उभे राहिले.

“अंगठा वर,” बाई म्हणाल्या.

मी वर ओढला. त्यांनी दाबला. अंगठा खाली गेला.

मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. “थांबा बाई, पुन्हा.”

पुन्हा दाबला, पुन्हा खाली गेला. डाव्या पायाचा दाबून पाहिला, तो लोखंडासारखा. उजवा परत. मी दात-ओठ खाऊन जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, कॉट करकरली, आणि त्या दोन बोटांनी माझा अंगठा अलगद खाली नेला. कुणीच हसलं नाही. मला दरदरून घाम फुटला, आणि तो तापाचा नव्हता.

पट्टणशेट्टी लगोलग आले, त्यांनी स्वतः तपासलं. “उद्या सकाळी थिएटर,” म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मोकाशीबाई तिथंच स्टूलवर बसून राहिल्या.

वस्तादांना आता नियमबियम काही उरलं नाही. त्यांनी सरळ वाकून कॉटखालची किटली काढली, झाकण उघडलं आणि डॉक्टरीणबाईंच्या देखत माझ्यापुढं धरली.

“राहिलेलं पी, संत्या. उद्या कापणार हायत तुला. अंगात दम पायजे.”

बाईंनी नुसतं सहज किटलीत पाहिलं. मग नीट पाहिलं. दुधावर फेस होता, बोटभर.

“हे तापवलेलं नाही?” त्यांनी विचारलं.

वस्तादांना राग आला. “तापवल्यालं? आवं बाई, तापवल्यालं दूध आजारी माणूस पितंय. पैलवान पितोय व्हय? धारोष्ण हाय हे! आत्ता सडातनं काढून आणलंय, किटलीला हात लावून बगा, अजून कोमट हाय.”

खरं तर कोल्हापुरात हे कुणाला सांगायला लागत नाही. म्हैस कट्ट्यावर आणून उभी करायची, गिऱ्हाइकाच्या समोर पेल्यात धार काढायची, आणि फेसासकट घटाघटा प्यायचं. विस्तवाला दाखवलं की दुधातली ताकद गेली, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. पण मोकाशीबाई पुण्याच्या. त्या स्टूलवरून उठल्या.

“रोज? असंच?”

“रोज म्हंजे? तेरा वर्षं!”

“म्हैस कुणाची?”

“माझीच. हरणी. लाखात एक जनावर हाय.”

“तब्येत चांगली आहे तिची? रेडकू आहे?”

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला, खिडकीकडं बघितलं. मी मध्येच बोलून गेलो, “गेल्या साली गाभडली न्हवं वस्ताद? दिवस भरत आलं हुतं, आणि मेल्यालं रेडकू झालं. अडलं हुतं बाई, मीच हात घालून ओढून काढलं. कोपरापातूर हात घालाय लागला.”

“गप की!” वस्ताद खेकसले. गाभडलेली म्हैस म्हटलं की लोक नाकं मुरडतात, तिला नाव ठेवतात, म्हणून ही गोष्ट त्यांनी तालमीतसुद्धा सांगितली नव्हती.

पण बाईंचं तोंड असं उजळलं होतं की मला वाटलं त्या आता टाळ्या वाजवतात. “हात घातला? उघडा हात? आणि त्यानंतर हेच दूध? पैलवान, तुमच्या पहाटेच्या घामाला वास कसला येतो?”

“ओल्या कडब्यागत येतोय, असं सिस्टर म्हणत हुत्या.”

“ओला कडबा!” त्या जवळजवळ ओरडल्याच. “अहो, हा जनावरांचा जंतू असू शकतो! म्हैस गाभडते त्यानं, आणि कच्च्या दुधातनं, त्या घाणीतनं तो माणसात येतो. संध्याकाळचा ताप, घाम, आणि मग मणक्यात जाऊन बसतो. दिसतो अगदी टीबीसारखा! ह्याला गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. औषध लागू पडलं तर कदाचित पाठ उघडायचीच गरज नाही!”

‘कदाचित’ हा शब्द मी ऐकलाच नाही. मी कॉटवर उठूनच बसलो असतो. त्यांनीच मला दाबून झोपवलं.

आता बाईंची जी धावपळ सुरू झाली, ती काय सांगू! लॅबला फोन केला: तो नमुना टाकून देऊ नका, आणि उघड्यावर हाताळू नका, धोक्याचा असेल. मग विचारलं, ह्या जंतूची रक्तावरची तपासणी होते का? होत नव्हती. पुण्याला पाठवावं लागेल, उत्तर यायला आठवडा. आणि ऑपरेशन उद्या. बाईंनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. मग एकदम वस्तादांकडं वळल्या.

“तुमच्या म्हशीला कोण डॉक्टर बघतात?”

“शिंगाडे डॉक्टर. सरकारी दवाखान्यातलं. जनावराच्या.”

“त्यांच्याकडे असेल! जनावरांची ही तपासणी ते लोक करतात. चला!”

“मी?”

“म्हैस तुमची आहे ना? बसा माझ्या मागे.”

मला उठता येत नव्हतं, म्हणून पुढचं दृश्य खिडकीतल्या सिस्टरनं मला सांगितलं, पोट धरधरून. पुढं एवढीशी डॉक्टरीण, मागं आमचे वस्ताद, गुडघे दोन्ही बाजूंना फाकलेले, एका हातानं फेटा धरलेला, दुसऱ्या हातात किटली. आणि ती बिचारी स्कूटी फाटकातून बाहेर पडताना मागच्या चाकावर बसल्यासारखी. हौद्यात कधी न घाबरलेला माणूस ‘बाई, हळू! बाई, हळू!’ म्हणत होता म्हणे.

दुपारी ते परत आले, सोबत शिंगाडे डॉक्टर. गुडघ्यापर्यंत गमबूट, खांद्याला बर्फाची पेटी. गमबूट बघून सिस्टरनं दारातच अडवलं, तेव्हा त्यांनी ते बाहेर काढून ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर आत आले.

“हरणीचं रक्त घेतलं,” ते म्हणाले. “दवाखान्यात तपासूनच आलो. आहे तिला.”

वस्ताद त्यांच्या मागं उभे होते. फेटा विस्कटलेला, चेहरा उतरलेला. ते माझ्याकडं बघेनात.

बाईंनी माझं रक्त काढलं. मग वस्तादांना म्हणाल्या, “तुम्हीही हात पुढं करा. तेच दूध पिता, पैलवान म्हणाले, तुमचंही बघायला हवं.” वस्तादांनी बाही वर केली. दोन्ही रक्तं खाली पाठवून त्यातलं वरचं पाणी वेगळं करून आणलं. तपासणी लॅबमध्येच करायची, असं सिस्टरचं म्हणणं. मी हट्टाला पेटलो.

“माझी कुस्ती हाय आणि मीच बघायची न्हाई? हितंच करा.”

बाई हसल्या. माझ्या कॉटशेजारच्या टेबलावर पांढरी शुभ्र फरशी ठेवली. शिंगाडे डॉक्टरांनी पेटीतून एक बाटली काढली, आत गर्द गुलाबी औषध. माझ्या रक्ताच्या पाण्याचा एक थेंब फरशीवर, त्याच्याशेजारी गुलाबी थेंब. काडीनं दोन्ही एकत्र केले आणि फरशी हळूहळू डोलवायला लागले.

“गोळा झालं तर जंतू आहे. असंच गुलाबी राहिलं तर नाही.”

बाई, सिस्टर, वस्ताद आणि शेजारच्या कॉटवरचा पाय मोडलेला मास्तर, सगळे त्या फरशीवर वाकले. मी मान वाकडी करून बघत होतो. छातीत असं धडधडत होतं, की सलामीच्या वेळीसुद्धा कधी तेवढं धडधडलं नव्हतं. थेंब गुलाबीच होता. डोलला, परतला, तरी गुलाबीच. ‘संपलं,’ मला वाटलं.

मग कडेला एक कण दिसला. मग दुसरा. आणि बघता बघता सगळा थेंब फाटलेल्या दुधासारखा कणाकणांचा झाला.

“आलं!” बाई ओरडल्या.

“चितपट!” मी ओरडलो. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या वॉर्डातून कुणीतरी काय झालं म्हणून धावत आलं. आपल्या अंगात रोग निघाला म्हणून एवढा आनंद झालेला माणूस त्या दवाखान्यात माझ्याआधी कुणी झाला नसेल.

शिंगाडे डॉक्टर तोवर दुसरा थेंब ढवळत होते. वस्तादांचा. फरशी डोलत राहिली. आमचा गोंधळ ओसरला तरी डोलत होती.

“हे स्वच्छ आहे,” ते म्हणाले.

बाईंनी फरशी हातात घेऊन उजेडाला धरली. वस्तादांचा थेंब नुसता गुलाबी, गुळगुळीत. “सुटलात की, वस्ताद,” त्या म्हणाल्या. “पण नवल आहे. त्याच म्हशीचं दूध, तेवढीच वर्षं... तुम्ही किती पिता रोज?”

वस्तादांनी वर केलेली बाही खाली ओढली.

“पेलाभर?”

ते हळूच स्टूलवर बसले. त्यांना असं बसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“मी दूध पीत न्हाई, बाई.”

“म्हणजे? अलीकडे सोडलंत?”

“हे पोरगं आलं तवापासनं.” ते फरशीकडंच बघत होते. “एक म्हैस. ती देऊन देऊन किती देणार? ह्याचा खुराक त्यात भागंना. मी म्हटलं, आपलं काय आता, आपली कुस्ती झाली. मी कोरा च्या पितोय सकाळी.”

“वस्ताद,” मी म्हणालो, “रोज म्हणायचा, पेला मारून आलोय म्हणून...”

“तसं म्हटल्याबिगार तू सगळं प्यायला नसतास.”

वस्तादांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

“लेकराला माझ्या हातानं पाजलं हो मी,” ते म्हणाले. “आजारी पडलं तर दुप्पट पाजलं. आणि माझा थेंब बगा कसा हाय. माझ्याबी अंगात निघाया पायजे हुतं बाई. मला का न्हाई झालं?”

मी रडलो. लपवायचं काय त्यात? हाडं मोडल्यावर न रडलेला मी, मास्तरांच्या आणि सिस्टरच्या देखत ढसाढसा रडलो. त्यांच्याकडं हात केला, तोवर ते उठून, किटली तशीच ठेवून, वॉर्डाबाहेर गेले होते.

संध्याकाळी पट्टणशेट्टी आले. फरशी त्यांनी बराच वेळ निरखली. “म्हणजे म्हशीच्या डॉक्टरनं माझं ऑपरेशन अडवलं म्हणायचं,” ते म्हणाले, पण त्यांच्या ओठांच्या कडेला हसू होतं. “औषध आत्ताच्या आत्ता चालू करा. थिएटर मात्र मी मोकळं ठेवतोय. अंगठा आणखी ढिला पडला, तर मी कुणाचं ऐकणार नाही.”

दुसऱ्या सकाळी बाईंनी अंगठा दाबला. खाली गेला, पण आदल्या दिवशीपेक्षा जास्त नाही. “आज नाही,” पट्टणशेट्टी म्हणाले. त्याच्या पुढल्या दिवशीही नाही. इंजेक्शनांनी दंड सुजले, गोळ्यांनी तोंड कडू झालं, पण पहाटेचा घाम थांबला. पुढं एका दुपारी बाई लॅबमधून अक्षरशः धावत आल्या. नमुन्यात जंतू वाढला होता, तोच, म्हशीचा. आणि त्यानंतर एका सकाळी त्यांनी माझा अंगठा दाबला, दोन बोटांनी, मग मुठीनं, मग दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून. अंगठा हलला नाही.

“आता हसा,” त्या म्हणाल्या.

पण मला मनापासून हसता येईना. वस्ताद त्या दिवसापासून आले नव्हते. पोरांकडून निरोप पाठवला, तरी नाहीत. पोरं सांगायची, हरणीला वेगळं बांधलंय, एक व्यापारी मागायला आला होता, त्याला हाकलून लावलं. दुसऱ्याच्या गोठ्यात हे दुखणं जाऊ देणार नाही, म्हणाले. तालमीच्या ओसरीवर त्यांनी म्हणे एक मोठा स्टोव्ह आणि पातेलं आणून ठेवलंय आणि कट्ट्यावरून आलेलं दूध तापवल्याशिवाय एका पोरालाही पिऊ देत नाहीत. पोरं कुरकुरतात, तर काठी घेऊन उभे राहतात.

औषध पुढं बरेच महिने चाललं. चैत्रातलं ते मैदान अर्थातच हुकलं. दीडेक वर्षानं पट्टणशेट्टींनी नवा फोटो दोनदा बघितला, मला वाकायला लावलं, उड्या मारायला लावल्या, आणि मी पुन्हा हौद्यात उतरलो. माती कपाळाला लावली. पण ते सगळं पुढचं.

घरी सोडायच्या दिवशी मी कमरेला पट्टा बांधून कॉटवर बसलो होतो. दारात सावली पडली. वस्ताद होते. आत येईनात. शाल नव्हती, किटली उघड्या हातात होती. मी पिशवीत बांधून ठेवलेली जुनी नव्हे, नवी, स्टीलची.

“या की वस्ताद.”

ते आले. किटली टेबलावर ठेवली. “हरणीचं न्हाई,” ते घाईघाईनं म्हणाले. “शिंगाड्यांनी तपासल्याली म्हैस हाय. तीनदा ऊत आणलाय. बाईंना इचारून आणलंय.”

मी झाकण काढलं. वर जाड साय होती. मी झाकण भरून दूध ओतलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

“न्हाई न्हाई, तू पी,” ते सवयीनं म्हणाले. “मी पिऊन आलोय.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हात मागं घेतला नाही.

त्यांनी झाकण घेतलं. दोन्ही हातांत धरलं, थोडा वेळ त्यात नुसतं बघत राहिले, आणि मग सगळं पिऊन टाकलं. मिशीला साय लागली, ती त्यांनी पुसलीसुद्धा नाही.

“तापवल्यालंबी बरं लागतंय की रं,” ते म्हणाले.